पुढचं काहीच दिसत नसताना विश्वास नक्की काय कामाचा? (आजीच्या बायबलमधल्या पेन्सिलच्या नोंदी)

भिंगारचा_पोर

सलाम मंडळी. (आमच्यात चर्चच्या लोकांनाही मंडळीच म्हणतात त्यामुळे हा शब्द टाइप केला की मला उगाच कुणीतरी आता दानार्पणाची पिशवी पुढे करेल असं वाटतं.)

धागा जरा मोठा होईल, आधीच सांगतो. मी मूळचा नगरचा, पुण्यात तेरा वर्षं आयटीत होतो, होतो म्हणजे तीन महिन्यांपूर्वीपर्यंत. एका सोमवारी सकाळी मीटिंग लागली, अकरा मिनिटांची, बाराव्या मिनिटाला लॅपटॉप लॉक. फ्लॅटचा हप्ता चालू, मुलगी चौथीत. घरी सांगायला आठ दिवस लावले. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "प्रार्थना कर, प्रभू मार्ग दाखवील." मी चिडलो. म्हटलं आई तीस ठिकाणी अर्ज टाकलेत, मार्ग सगळे बंद आहेत, दाखवणार कुठला. ती गप्प बसली आणि तिचं ते गप्प बसणं मला जास्त लागलं.

मग गावी गेलो चार दिवस. माळ्यावर आजीची पत्र्याची पेटी, त्यात तिचं बायबल. काळं पुठ्ठ्याचं, बायबल सोसायटीचं जुनं मराठी भाषांतर, पाठ निसटलेली, पानं पापडासारखी झालेली. आजी मिशनच्या शाळेत मास्तरीण होती, ओळ चुकली की पट्टी मारायची अशी. तर त्या बायबलच्या समासात पेन्सिलीनं बारीक नोंदी आहेत. मला वाटलं असतील उपदेशाचे मुद्दे. तसं नाहीये. तारीख आणि एखादं वाक्य, बस.

स्तोत्र ६९, पाणी गळ्याशी आलंय असं जिथे आहे, तिथे "१२ जुलै १९६१. पुण्यास पूर. भाऊचा पत्ता नाही." त्याच्याच खाली वेगळ्या पेन्सिलीनं "भाऊ सापडला. पर्वतीवर होता."

बायबलमधल्या हबक्कूकच्या पुस्तकाच्या शेवटी, अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत तरीपण, त्या जागी "१९७२. विहीर तळाला. तांबडी विकली." तांबडी म्हणजे गाय, तिच्याबद्दल आजी मरेपर्यंत बोलायची.

आणि स्तोत्र १३ ला, कुठवर परमेश्वरा, तिथे तारीखच नाही, फक्त "?" एकावर एक गिरवलेलं, कागद फाटेस्तोवर.

मी दोन रात्री ते घेऊन बसलो. वचनं नाही वाचली फारशी, खरं सांगतो, समासच वाचला. आता प्रश्न असा की माझ्यासारख्या अर्धवट विश्वासू माणसाला याचं काय करायचं कळत नाहीये. तुमच्यात कुणाला अशा वेळी श्रद्धेचा उपयोग झालाय का आणि झाला म्हणजे नक्की काय झालं? "प्रभू चांगला आहे" एवढंच लिहायचं असेल तर प्लीज नको, ते व्हॉट्सअपवर रोज सकाळी सहाला येतं, कबुतराच्या फोटोसकट.

---

वसई_वाडीवाली

वाचून गलबलून आलं. तुमच्या आजीचं ते प्रश्नचिन्ह म्हणजे प्रार्थनाच की.

मी कॅथलिक, वसईची, आमच्याकडे बायबल घरात असायचं पण हातात असायची रोझरी. आजी मण्यांवरच सगळं जग चालवायची, काकाचं जहाज लेट झालं तरी रोझरी, केळीला रोग पडला तरी रोझरी. लहानपणी मला कंटाळा यायचा.

मला २०२० आठवतंय. पास्खाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आठवड्यात देवळं (आमची चर्च) बंद, आयुष्यात पहिल्यांदा. त्याच्या थोडं आधी, २७ मार्चला, पोप फ्रान्सिस रोमला पावसात त्या एवढ्या मोठ्या रिकाम्या चौकात एकटे उभे होते, आम्ही सगळे टीव्हीपुढे. वाचन होतं मार्कच्या शुभवर्तमानातलं वादळाचं. शिष्य बोटीत, पाणी आत येतंय आणि येशू मागे उशी घेऊन झोपलाय. ते त्याला उठवतात आणि काय म्हणतात? वाचव नाही म्हणत आधी. म्हणतात, आम्ही बुडतोय आणि तुला काहीच वाटत नाही का?? माझा नवरा कोळ्यांबरोबर बोटीवर गेलेला माणूस, तो म्हणाला हे बरोबर लिहिलंय, बोटीत पाणी आलं की आधी शिवीच निघते. (फादरांना सांगू नका.)

तर चिडणं हे विश्वासाच्या बाहेरचं नाही असं मला तेव्हापासून वाटतं. आईवर चिडलात ते ठीक, पण तिला एक फोन करा.

---

आशीर्वाद_वर्षाव

प्रिय भाऊ निराश होऊ नका. येत्या शनिवारी भव्य चंगाई व मुक्ती सभा, नोकरी लग्न आजार करणी सर्व समस्यांवर विशेष प्रार्थना, सात आठवड्यांत साक्ष मिळेल, बीजदान आणायला विसरू नका

*(संपादक: पत्ता आणि मोबाईल नंबर काढला आहे. धाग्यावर जाहिरात नको.)*

---

तर्कट_माणूस

घ्या, आलेच. याच्यासाठी मी धागा उघडला होता.

भिंगारकर, तुमच्या आजीबद्दल आदर ठेवून एक विचारतो. भाऊ पर्वतीवर सापडला हे लिहिलं गेलं. ज्यांचे भाऊ सापडले नाहीत त्यांच्या बायबलात काय लिहिलंय? त्या पुरात प्रार्थना करणारे वाहून गेले नाहीत का. वाचलेला माणूस मागे वळून म्हणतो देवाने वाचवलं, गेलेल्याला काही म्हणताच येत नाही. म्हणजे ही वही मुळात एकतर्फी आहे. आणि नोकरीचं म्हणाल तर बाजार पडलाय, तो सुधारला की लागेल, मग तुमची आई म्हणणार बघ प्रभूने दिली. नाही लागली तर म्हणणार प्रभू परीक्षा बघतोय. दोन्हीकडून त्याचीच बॅटिंग.

खोडसाळपणा म्हणून नाही लिहीत. मी पण घरी बसून काढलंय दीड वर्ष.

---

भिंगारचा_पोर

@तर्कट_माणूस तुमचा मुद्दा मला स्वतःला पटतो म्हणूनच उत्तर देतो. एक नोंद मी वर लिहिली नव्हती, लिहावी की नाही ठरत नव्हतं.

स्तोत्र ८८. हे स्तोत्र मी आधी कधी नीट वाचलंच नव्हतं, चर्चमध्ये कुणी घेत नाही, कारण बाकीच्या रडगाण्यांना शेवटी एक वळण असतं, तरी मी तुझी स्तुती करीन वगैरे, याला नाहीये. ते अंधारावरच संपतं. अक्षरशः शेवटचा शब्द काळोखाचा. त्याच्या बाजूला आजीनं लिहिलंय "धाकटा गेला. ताप. ९ सप्टें. ५८."

माझ्या वडलांना एक धाकटा भाऊ होता हे मला चाळिशीत त्या समासातून कळलं.

पुढचे चार महिने एकही नोंद नाही. मग जानेवारी ५९, ते गिरवलेलं प्रश्नचिन्ह त्याच दिवसांतलं असणार असा माझा अंदाज, पेन्सिल तीच वाटते. आणि फेब्रुवारीत एका ठिकाणी नुसतं "शाळेत गेले."

तर एकतर्फी नाहीये वही. सापडलेला भाऊपण आहे आणि गेलेलं पोरपण. पण तुमचं ते दोन्हीकडून बॅटिंगचं वाक्य आईला वाचून दाखवलं, ती हसली आणि म्हणाली, "त्याला म्हणावं फिल्डिंग पण त्यालाच करावी लागली, क्रुसावर."

आई पॉइंटला आहे.

---

तर्कट_माणूस

सॉरी. नोंदीबद्दल.

आईंना नमस्कार. हरलो.

---

रात्रपाळी

मी नर्स. ट्रेनिंग मिशन हॉस्पिटलमध्ये झालं, तिकडे सकाळी ड्युटीच्या आधी पाच मिनिटं प्रार्थना व्हायची, तेव्हा आम्ही पोरी डुलक्या काढायचो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मुंबईत एका मोठ्या दवाखान्यात कोविड वॉर्डला होते. नाव नाही घेत. पीपीई घातलं की सहा तास पाणी नाही बाथरूम नाही, गॉगलवर वाफ धरायची, आपल्याच श्वासाचा आवाज कानात. एका रात्री ऑक्सिजनचं प्रेशर खाली यायला लागलं आणि टँकर कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. माझ्याकडे नऊ पेशंट. मला त्या रात्री एक वचन आठवलं नाही हो, एक पण नाही, लहानपणी संडे स्कूलला पाठांतरात पहिला नंबर यायचा माझा. फक्त मास्कच्या आत प्रभू येशू प्रभू येशू असं चालू होतं, ते पण प्रार्थना म्हणून की सवय म्हणून सांगता येणार नाही.

टँकर पहाटे आला. नऊमधले सात राहिले. दोन नाही.

मूळ प्रश्न होता की उपयोग म्हणजे नक्की काय झालं. माझ्यापुरतं सांगते, पुढच्या रात्री मी परत ड्युटीवर गेले. एवढंच झालं. जाणार नव्हते, राजीनामा टाइप केला होता मोबाईलवर. का गेले ते मला समजावून सांगता येत नाही आणि मी कुणाला सांगत पण नाही, लोक साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभं करतात आणि मग त्या दोन जणांचं कुठे ठेवायचं कळत नाही.

तुमच्या आजीचं "शाळेत गेले" वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

---

माऊली_१२

रामकृष्णहरी. आम्ही माळकरी, या धाग्यावर पाहुणे.

प्रश्नचिन्हाचं वाचून तुकोबा आठवले. दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, दुकान बुडालं, आणि मग ते विठोबाशी जे भांडलेत, दिवाळखोर म्हटलंय देवाला. भांडायला पण समोर कुणीतरी आहे हे धरावं लागतं ना. तुमच्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनीच म्हटलंय की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेले. आमच्या बुवांना हे सांगितलं तर म्हणाले पूल आमचा आहे, टोल घ्यायला पाहिजे होता.

---

केडगाव_लोकल

@माऊली_१२ 😂 टोल दिला की, अभंगच लिहिले त्यांनी पुढे, ओवीत ख्रिस्तचरित्र घेतलं लिहायला. ते अर्धं राहिलं, १९१९ ला गेले, आणि पुरं कुणी केलं तर त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, ज्यांना लग्नात धड अक्षरओळख नव्हती.

खरं तर या धाग्यावर त्यांचाच विषय निघायला हवा. १८९५ ला नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला मुंबईत, तेव्हा त्या काळची बाई काय समजणार, नवरा जिवंत आहे पण घर गेलं, जात गेली, माहेर-सासर दोन्हीकडे दयेचा विषय. जवळजवळ पाच वर्षं ताटातूट धरून अशी अधांतरी काढली आणि १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या, कुणी ओढून नाही, आधी शिवाशिवीचं सोवळं मनातून सुटलं मग बाकीचं. त्या पाच वर्षांबद्दल लिहितात ते पण स्वतःची टिंगल करत. मला हे जास्त भारी वाटतं, संकटात गंभीर चेहरा करणारे खूप असतात.

आणि मी राहते ते केडगाव दौंडचं हं, नगरचं नव्हे, भिंगारकर उगाच गाववाले म्हणून पाहुणचाराला येतील. इथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. आमची पणजी तिथे वाढलेली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणी ठेवता येईनात म्हणून इथल्या माळावर, जिथे धड इमारत पण नव्हती. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील दुष्काळातच भुकेने गेलेले, त्यांना माहीत होतं पोटाला काही नसलं की काय होतं. मार्ग दिसत होता असं नाही वाटत मला. आधी मुली आल्या, मग छप्पर. पणजी सांगायची म्हणे की सगळ्यात आधी विहिरी खणल्या.

---

जालनेकर

वय ७४. टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.

विहिरीचा विषय निघाला म्हणून. ७२ साली मी जालन्यात, रोजगार हमीच्या आधीची ती दुष्काळी कामं, खडी फोडायला जायचो, सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. तो मिलो ज्यांनी खाल्लाय त्यांना चव विचारू नका. पाळकसाहेब रविवारी स्वर्गीय मान्न्यावर, म्हणजे बायबलात देवाने आकाशातून दिलेल्या अन्नावर, बोलायला लागले की मागून कुणीतरी हळूच "मिलो" म्हणायचं.

पण मला वेगळं सांगायचंय. त्याच्या पाच-सहा वर्षं आधी दुष्काळ पडला होता तेव्हा आमच्या इथल्या स्कॉटिश मिशनने खडकात बोअर मारायचं मशीन आणलं. जालन्याचा काळा पाषाण तुम्हाला माहीत आहे, हाताने विहीर खणायची तर पिढी जाते. बोअर लागले, पाणी लागलं, वर हापसा बसवला तर तो बिडाचा हापसा विलायतेत एका घरापुरता केलेला, इथे त्याच्यावर अख्खं गाव. पंधरा दिवसांत दांडा तुटायचा. पाणी खाली आहे, बाया हंडे घेऊन उभ्या आहेत, आणि दांडा तुटलाय. मग मिशनच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्री लोकांनी डोकं लावून पोलादाचा हापसा बनवला. तो जालना पंप. पुढे सोलापूरच्या मिशनवाल्यांनी त्यात सुधारणा केली, तो सोलापूर पंप, आणि त्याच्यावरून युनिसेफ आणि सरकारने मिळून केला तो इंडिया मार्क टू. आज तुम्ही कुठल्याही खेड्यात जो हापसा बघता ना तो. आफ्रिकेत पण आहे म्हणतात लाखांनी.

मी त्या वर्कशॉपमध्ये दोन वर्षं पोऱ्या होतो, पाने द्यायचो. तिथे भिंतीवर वचन होतं रंगवलेलं, कोणतं ते आता आठवत नाही. दांड्याची पिन कुठे झिजते ते मात्र आजही सांगेन.

श्रद्धा वगैरे मला जास्त बोलता येत नाही. भिंगारचे चिरंजीव, नोकरी लागेपर्यंत हाताला काम ठेवा. बिनपगारी का होईना. घरात बसू नका.

---

वसई_वाडीवाली

आजोबा, हे तुमचं लिहिणं मी आमच्या वाडीच्या ग्रुपवर टाकू का?

आमच्या इकडे पण पाणीच होतं मूळ. टँकरवाले विहिरी उपसून मुंबईला पाणी विकायचे, बागायती खारट व्हायला लागल्या, त्यात बिल्डर. तेव्हा फादर दिब्रिटोंनी हरित वसईचं आंदोलन उभं केलं. मी शाळेत होते. माझे बाबा जाम घाबरलेले, म्हणायचे फादरांचं काम मिस्सा करणं आहे, यात गुंड आहेत. तरी मोर्चाला गेले. घरातून निघताना आईने क्रुसाची खूण केली त्यांच्या कपाळावर, जशी आम्हा पोरांच्या करायची परीक्षेला जाताना, आणि बाबा एवढे मोठे बाप्ये असून गप्प उभे राहिले. मला धर्म म्हटलं की तेच आठवतं पहिलं.

---

भिंगारचा_पोर

@जालनेकर काका, हाताला काम ठेवा म्हणालात ते मनावर घेतलं. एक प्रामाणिक प्रश्न, हसू नका. दशांशाचं काय करायचं? पगार होता तेव्हा दरमहा देत होतो. आता सेव्हरन्सचे पैसे आहेत तेवढेच. आईचं म्हणणं द्यायचा. बायकोचं म्हणणं मुलीची फी भरायची. दोघी माझ्याकडे बघतात.

---

जालनेकर

दशांश म्हणजे आलेल्यातला दहावा भाग. आलंच नाही तर दहावा कशाचा. फी भरा.

आई नाराज झाल्या तर रविवारी चर्चची बाकं पुसून द्या म्हणावं, ते पण दानार्पणच. आमच्याकडे एक जण दुष्काळात वर्षभर घंटा वाजवायचा पैशाऐवजी. वेळेवर वाजवायचा नाही पण वाजवायचा.

---

केडगाव_लोकल

अनुमोदन. बीजदानवाल्यांपासून (आधी पैसे द्या, देव भरभरून परत देईल म्हणणारे) मात्र लांब राहा, आमच्या ओळखीतल्या एकांनी नोकरी गेल्यावर पीएफमधले पैसे तिकडे घातले. नोकरी आली नाही आणि वर ऐकवलं की तुमचा विश्वास कमी पडला. हे वाक्य माणसाला जे करतं ना ते बेकारी पण करत नाही.

---

भिंगारचा_पोर

अपडेट देतो, कारण व्यनित (खासगी निरोपात) चौघांनी विचारलं.

नोकरी नाही लागली. दोन इंटरव्ह्यू झाले, एकाने कळवलं नाही, एकाने निम्मा पगार सांगितला, विचार करतोय. दरम्यान काकांच्या सल्ल्याने आजीच्याच शाळेत जातोय आठवड्यातून तीन दिवस, नगरला, तिथले कॉम्प्युटर धूळ खात पडलेले, अकरा होते त्यातले सात चालू केले. बिनपगारी. लाल डब्याने जातो, येताना एसटीत झोप लागते, ती तीन महिने लागत नव्हती.

परवा प्रार्थना केली. म्हणजे काय, बायबल उघडलं स्तोत्र १३ ला आणि आजीच्या प्रश्नचिन्हाशेजारी पेन्सिलीनं तारीख घातली, माझी. वाक्य काय लिहावं सुचेना. तारीखच ठेवली.

आणि हो, ते पान सुटायला आलेलं, ८८ चं पण, दोन्हीला सेलोटेप लावून घेतली व्यवस्थित.

---

रात्रपाळी

तारीख पुरे आहे.

सेलोटेप???

---

तर्कट_माणूस

अहो सेलोटेप नका लावू! मी जुनी पुस्तकं बांधतो, छंद आहे माझा, देवावर नाही पण कागदावर माझी श्रद्धा आहे. दोन-चार वर्षांत टेप पिवळी पडते, चिकट खाली उतरतं आणि कागद खातं, पेन्सिलीचं अक्षर सोबत घेऊन जाईल. लावली असेल तर ओढू नका अजिबात. गव्हाची खळ आणि पातळ टिश्यू कागदाने करायचं असतं. पुण्यात आहे मी, आणून द्या, पैसे नको. दीड वर्ष घरी बसलो होतो तेव्हा शिकलो हे.

---

भिंगारचा_पोर

लावली आहे आधीच. दोन्ही बाजूंनी.

आई मागून वाचतीये आणि ओरडतीये. शनिवारी आणू का?

---

तर्कट_माणूस

शनिवारी चालेल, अकरानंतर. आडवं ठेवून आणा, पिशवीत उभं नको. आईंना पण आणा, बॅटिंगचं बोलायचंय त्यांच्याशी.